नवसाचा शिधा

अकोला,
आषाढ वद्य पंचमी, सन १९३७

चि. सौ. कौशल्या,

आजीकडून तुले पोटभर आशीर्वाद. तुह्या पोटातल्याले त्याच्याहून थोडे जास्त, तू रागावली तरी चालंन.

तुहं पत्र आलं तवा मी अंगणात गाईसाठी ढेप फोडून राहिली होती. पोस्टमन म्हणे, वाचून दाखवू का आजीबाई. मी म्हणलं, तू तुह्या वाटेनं जाय, भजनात बसून बसून मले अक्षरं येतात आता. जोडाक्षरापाशी थोडी अडखळते, पण चार घरं फिरून पोचतेच. मंग तुळशीपाशी बसून वाचलं, गाईले वाचून दाखवलं, आन शेजारच्या रमाले बी. रमा म्हणे, जमनाबाई, तुमी हसून राहिल्या का रडून राहिल्या. मी म्हणलं, दोन्ही कामं एकाच तोंडानं करा लागतात, दुसरं कुठून आणू.

तुही माय तुले माह्या वटीत टाकून गेली, मांगून बाप बी गेला. तवा तू एवढीशी होती, रडली का सारी आळी जागी व्हायची. आता तुह्याच घरी पाळणा हालणार. मी आजपासूनच जुन्या लुगड्याचे लंगोट फाडायले घेतले. रमा म्हणे, अजून लय दिवस आहेत. मी म्हणलं, लुगडं काही वाट पाहून नवं होत नाई.

आन दुसरी गोष्ट तं त्याच्याहून मोठी. तुहा सासरा आता तुह्याच हातचं जेवते म्हणतेस. खुशालराव म्हणजे दर्यापूरकडचं वजनदार माणूस, कोणाचं ऐकून न घेणारं. त्यानं सख्ख्या बहिणीचं वाढणं सोडून सुनेचं धरलं म्हणजे काय समजली का तू? गोदाबाईच्या पोटात आग पडली असंन. पडू दे. रांडमुंड होऊन भावाच्या घरी आली तवापासून चूल तिच्याच हाती होती. आता बस म्हणा जपमाळ ओढत.

ध्यानात ठेव, ते ताट हातचं सोडू नोको. भाजी तूच कर, वाढ तूच, पाणी बी तूच ठेव. गोदाबाईची सावली बी त्यावर पडू देऊ नोको. सासरा ज्या सुनेच्या हातचं जेवते, तिले घरातून कोणी हालवू शकत नाई.

चंद्रभानरावाले आशीर्वाद सांग. तुही पत्रं तेच टपालात टाकतात, माही बी तेच तुले आणून देतात म्हणे. रमाचा जवाई तिच्या पोरीले साधं पोस्टाचं कारट आणून देत नाई.

तुही आजी

*

राजापेठ, अमरावती,
५ ऑगस्ट १९३७

ती. आजीस कौशल्येचा नमस्कार.

तुझं पत्र आलं. यांनी आधी वाचलं, मग मला दिलं. गाईला वाचून दाखवलंस ते वाचून हेही हसले.

मामंजींची तब्येत बरी नाही. जेवलं की थोड्या वेळानं ओकारी होते, पोटात पिळवटतं. हातापायांची इतकी आग होते की पाय गार पाण्यात सोडून बसतात. वैद्य म्हणतात पित्त आहे. आत्याबाई म्हणाल्या, "माह्या हातचं इतकी वर्षं पचलं, हिच्या हातचं काहून पचत नाई?" मामंजीच म्हणाले, "गोदे, तू तिखटाची गोणी पोटात ओतली इतकी वर्षं, त्याचं आता निघून राहिलं."

त्यांचं जेवण आधीपासून वेगळंच आहे. सासूबाई वारल्या तेव्हापासून त्यांनी साधं मीठ सोडलं, फक्त सैंधव खातात. त्यामुळे त्यांचं वरण, त्यांची भाजी निराळ्या भांड्यात. सैंधवाचा खडा हे स्वतः बाजारातून आणतात आणि खलबत्त्यात कुटून मामंजींच्या मिठाच्या कुंडीत भरून ठेवतात. बायका जाडंभरडं कुटतात म्हणतात, मला हातही लावू देत नाहीत. आपल्या वडिलांसाठी इतकं करणारा मुलगा मी दुसरा पाहिला नाही.

माझी काळजी करू नकोस.

तुझी
कौशल्या

*

अकोला,
श्रावण शुद्ध अष्टमी

चि. सौ. कौशल्या,

तुले आशीर्वाद, आन माह्या जवायाले सोन्याची फुलं.

बापासाठी मीठ कुटणारा पोरगा. मी हे रमाले वाचून दाखवलं, मंग चक्कीवर गेली होती तिथल्या बायाईले सांगितलं. त्याइचे पोरं म्हणजे बापानं पाणी मांगितलं तं बहिणीले हाक मारतात. एकजण म्हणे, जमनाबाई, पुढच्या जन्मी जवाई तुमच्या दुकानातून घेऊ. मी म्हणलं, माल संपला.

तुह्या सासऱ्याचं दुखणं काही मोठं नाई. माह्या सासऱ्याले बी असंच झालं होतं, त्यानं चुलत्याच्या घरच्या लग्नात बुंदी खाल्ली होती, कढई कल्हईची नवती. तवा हे वैद्य बी नवते, एक बुढा होता, तो सगळ्याले सुंठच द्यायचा, पाय मुरगळला तरी सुंठ. पण ते जाऊ दे, मी काय सांगून राहिली होती. हो, गोदाबाई. मले त्या बाईचा भरवसा नाई. चूल गेली म्हणून ती चुलीतच काही करंन. तू भांडी झाकून ठेवत जाय. पन ताट सोडू नोको, हे मी तुले पुन्हा सांगते. आता सोडलं तं म्हणतीन, सुनेनं दुखण्यात हात काढला.

तू दूध पीत जाय. पोटातलं पोट्टं असो का पोट्टी असो, मले दोन्ही सारखे. रमाले नको सांगू, तिच्यापुढं मी पोट्टंच म्हणते.

तुही आजी

*

अमरावती,
२९ ऑगस्ट १९३७

आजी,

हे पत्र टपालानं नाही. आशाबाई कासारीण बांगड्या भरायला आली होती, ती अकोल्याला येते आहे. तिच्या बांगड्यांच्या पेटीत घालून देते. याचं उत्तरही तिच्याच हाती दे. टपालानं दिलंस तर आधी हे वाचतील, आणि मग घरात सगळ्यांना कळेल की मी घाबरले आहे.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले होते. मामंजींची नखं पाहिली, तळहात पाहिले, आणि यांना बाजूला नेऊन विचारलं, "जेवायला कोण वाढतं?" हे म्हणाले, "माझी बायको. दुसऱ्या कोणाच्या हातचं ते खातच नाहीत." मी आणि आत्याबाई दाराआड होतो. डॉक्टर म्हणाले, "अन्नातून काही जात असावं असा मला संशय आहे. माणूस दगावला तर मला पोलिसांना कळवावं लागेल." आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता आत्याबाई म्हणतात, हिला आत्ताच माहेरी धाडा. हे म्हणतात, बाबांना कोण वाढेल, ती कुठंही जायची नाही. आजी, दोन्ही बाजूंनी दार लागलंय. मी गेले आणि मामंजी बरे झाले, तर मीच देत होते असं ठरेल. राहिले आणि ते गेले, तर माझ्याच हातचं खाऊन गेले. वाढणं सोडलं तर ते उपाशी राहतात, बहिणीच्या हातचं घेत नाहीत. भाजी आधी मीच खाऊन पाहिली असती, पण पोटात बाळ आहे. ताट घेऊन दारात उभी राहते, आणि मामंजी म्हणतात, "ये बाई, काहून थांबली?"

कोणाला कशाचा राग असेल ते सांगते. मामंजींनी बोलून दाखवलंय की बाळ झालं की दर्यापूरचं शेत नातवंडाच्या नावानं करीन. यांना कापसाच्या सट्ट्याचा नाद आहे, त्यात शेत जायला नको म्हणून. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या होत्या, "म्हणजे मी म्हातारपणी हिच्या लेकराच्या दारात बसू का?" हे मात्र एक शब्द बोलले नाहीत.

मी काय करू?

कौशल्या

*

अकोला,
श्रावण वद्य एकादशी

कौशल्या,

आशाबाई परत अमरावतीले चालली, तिच्या हाती देते. वाचून चूल दाखव. (चुलीत घाल म्हणते, नाईतं पत्र धरून उभी राहशीन.)

तुहं वाचलं आन बसूनच राहिली. मी इकडे चक्कीवर जवायाचे पोवाडे गाऊन राहिली होती, तिकडे माही पोर ताट धरून दारात उभी. मी स्वतः आली असती. पन रीत तुले ठाऊक आहे, तुले लेकरू होत नाई तोवर तुह्या घरचा पाण्याचा घोट बी मले चालत नाई. उपाशी म्हातारीले दोन दिसात गाडीत बसवून देतीन. मले परत पाठवता येते, शिधा परत पाठवता येत नाई. म्हणून शिधा पाठवून राहिली.

तू म्हणतेस गेली तरी फसली, राहिली तरी फसली. मंग असं करू. हात तुहाच ठेवू आन बाकी सारं बदलू.

तुह्या सासऱ्याले मी टपालानं पत्र टाकलं. ते घरात मोठ्यानं वाचतीन, तू ऐकून न ऐकल्यासारखी राय. त्यात लिहिलं, का माही नात सुखरूप सुटावी म्हणून मी अंबादेवीले नवस बोलली. पोळ्यापासून नवरात्र बसेपर्यंत तिनं सासऱ्याले माहेरच्या शिध्याचं जेवू घालावं. पीठ, दाळ, तेल, तूप, मसाला, त्याइचं सैंधव, सारं अकोल्याचं. भांडी बी इथलीच. त्या घरचा एक कण त्या ताटात पडला तं नवस मोडला. आन चूल अंगणात, उघड्यावर, घरच्या वडील बाईनं समोर बसून पाहायची. म्हणजे गोदाबाई समोर. तिचे डोळे तुह्या हातावर, आन तुहे डोळे तिच्या हातावर.

ज्या माणसानं बायकोसाठी मीठ सोडलं, तो दुसऱ्याचा नवस मोडणार नाई. तो बरा झाला तं साऱ्याइनं पाह्यलं असंन का हात तोच होता.

नवस मी केला नवता. पत्र पेटीत टाकल्यावर ध्यानात आलं, मंग घरी येऊन हातपाय धुतले आन देवापुढं बसून केला. देवीनं असे मांगून पुढून केलेले लय नवस पाह्यले असतीन.

आपला गडी नत्थुजी गोण्या घेऊन येते. त्याले म्हणलं, रेल्वेत गोणीवर झोपू नोको. तो म्हणे, मंग उशाले काय घेऊ. गोदाबाईले हासून बोलत जाय, पन भांडं झाक.

तुही आजी

*

अमरावती,
२८ सप्टेंबर १९३७

आजी,

पुन्हा आशाबाईच्या हाती देते आहे.

तुझं टपालाचं पत्र यांनीच मामंजींना वाचून दाखवलं. सैंधवापाशी आले आणि थांबले. म्हणाले, "मीठ घरचंच राहू द्या बाबा. आजीबाईंना आपल्या घरचं काय कळतं?" मामंजी म्हणाले, "देवीचं आहे ते. त्यात उणं काहून करू?" तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

पोळ्याच्या दिवशी अंगणात चूल मांडली. आत्याबाई समोर पाट टाकून बसल्या त्या रोजच बसल्या. पहिल्या दिवशी, "तुही आजी दाळ निवडत नाई वाटते, खडे खाऊन सासरा बरा होईन का?" मग, "जिरं जळलं." मग काहीच नाही. मामंजींची ओकारी आधी कमी झाली, मग थांबली. पायांची आग अजून आहे, पण परवा ते काठी टेकत फाटकापर्यंत गेले आणि रस्त्यावरच्या टांगेवाल्याशी भांडून आले. आत्याबाईंनी ते पाहिलं. चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाल्या, "हात तं हाच होता." मग पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, धूर झाला.

आम्ही दोघी आत गेलो. घरातलं पीठ, दाळ, तेल आम्ही बाकीचे सगळे खातच होतो, कोणाला काही झालं नव्हतं. मामंजींचं एकट्याचं म्हणावं असं घरात एकच होतं, त्यांची सैंधवाची कुंडी. फळीवर ती धुऊन पालथी घातलेली होती. आत्याबाईंनी यांना विचारलं, "चंद्रभान, कुंडी कोणं धुतली?" हे म्हणाले, "मीच. मुंग्या लागल्या होत्या."

मिठाला मुंग्या, आजी.

आत्याबाई तिथंच भिंतीला टेकून बसल्या. हे माझ्याकडे पाहून हसले आणि बाहेर गेले.

तू मला आत्याबाईंवर डोळा ठेवायला सांगितलंस, मीही ठेवला. आणि ज्याच्या शेजारी निजते त्याच्याकडे पाहिलंच नाही. आता हे माझ्याशी फार गोड बोलतात. विचारतात, आजीला काय लिहितेस? जेवायला बसले की म्हणतात, तूही माझ्याबरोबर घे. मी माझं ताट झाकून ठेवते आणि मागून आत्याबाईंच्या ताटात जेवते. बोलले तर माझ्या बाळाचा बाप फासावर जाईल. नाही बोलले तर त्याच घरात त्याच्यापुढं रोज वाढायचं. मामंजींना कळलंय की नाही, मला कळत नाही. काल ते बराच वेळ फळीवरच्या त्या पालथ्या कुंडीकडे पाहत होते.

कौशल्या

*

अमरावती,
६ ऑक्टोबर १९३७

श्रीमती जमनाबाई यांस खुशालराव याचा नमस्कार.

चि. सौ. कौशल्येस बहीण गोदा हिच्यासोबत आपल्याकडे पाठवीत आहे. पहिलटकरणीने माहेरी जावे ही रीतच आहे, त्यामुळे कोणी बोलले नाही. गोदाही काही दिवस तिकडेच राहील. आपला नवस देवीच्या कृपेने पुरा झाला.

जे आपणांस ठाऊक आहे ते मलाही ठाऊक आहे. चंद्रभान माझा एकुलता एक. आई गेली तेव्हा तो माझ्याच ताटात जेवत असे. त्याला मी स्वतःच्या तोंडाने फासावर देऊ शकत नाही. त्याने काल नवे सैंधव आणून कुटले, कुंडी पुन्हा भरली. उद्यापासून स्वयंपाकी येईल. मी त्या कुंडीतलेच खाईन.

काळजी नसावी. सून आजपासून या घरात नाही, यापुढे तिच्या हातचे मी काही घेणार नाही, असे डॉक्टरांना लेखी कळवून ठेवले आहे. मी गेलो तरी तिच्या अंगावर काही येणार नाही. माझे आता वय झाले. एवढ्यात सर्व मिटते.

खुशालराव

*

अकोला,
आश्विन शुद्ध तृतीया

इवाई खुशालराव,

पत्र नत्थुजीच्या हाती देऊन राहिली. त्याच्याजवळ भाकर बांधून दिली आहे. आधी भाकर खा, मंग पुढचं वाचा. आज त्या कुंडीतलं खाल्लं असंन तं डॉक्टराकडे जा. खाल्लं नसंन तरी जा.

तुमचं पत्र मी कौशल्येले वाचून दाखवलं नाई. ती सकाळी उठल्याबरोबर विचारते, मामंजींचं काही आलं का. गोदाबाई चुलीपाशी बसली आहे, माह्या दाळीले नावं ठेवून राहिली. तिले मी लय वाईट समजली होती. आता आमी दोघी भांडतो, पन एका ताटात जेवतो.

मले लिहिता येत नाई तुमच्यासारखं, म्हणून सरळ लिहिते. तुमी जीव देऊन पोरीले सोडवून राहिले असं तुमाले वाटते. तुमी गेले का त्या घराचा मालक कोण? चंद्रभान. कौशल्या बायको कोणाची? त्याची. लेकराचा बाप कोण? तोच. तो उद्या गाडी घेऊन माह्या दाराशी उभा राहीन, म्हणंन माही बायको द्या, माहं लेकरू द्या. मी काय म्हणून नाई म्हणू? ज्यानं बाप मारला हे कोणाले ठाऊक नाई, त्याले कोर्ट बी नाई म्हणणार नाई. आन शेत लेकराच्या नावानं झालं असंन, तं तवा त्या लेकराचं मीठ कोण कुटंन, इवाई?

तुमी मेले तं तिचा फास सुटत नाई, दुसऱ्या हाती जाते. तो सोडवायचा असंन तं तुमाले जगा लागंन आन बोला लागंन. तो तुमचा एकुलता एक आहे, हे मले समजते. मले बी ही एकच आहे.

पोरीकडच्यानं पोराच्या घरी जेवू नये अशी रीत आहे. पोराच्या बापानं पोरीच्या घरी जेवू नये असं मी कुठंच ऐकलं नाई. हे घर तुमाले मोकळं आहे.

जमनाबाई

*

अमरावती,
१२ ऑक्टोबर १९३७

श्रीमती जमनाबाई यांस नमस्कार.

नत्थुजी आला तेव्हा ताट माझ्यापुढे वाढलेले होते. पहिल्या दोन दिवसांचे मी खाल्ले होते. त्याने भाकर काढून ताटाच्या कडेला ठेवली आणि म्हणाला, "बुढीनं आधी हे खायले सांगितलं." मी भाकर खाल्ली, आणि पत्र वाचले. चंद्रभान दारात होता. मी ताट त्याच्याकडे सरकवले आणि म्हणालो, "ये, तू जेव." तो बसला नाही. ताटाकडेही पाहिले नाही. त्यानंतर मला विचारण्यासारखे काही उरले नाही.

ताट तसेच झाकले, कुंडी घेतली, आणि नत्थुजीला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी दोन्ही वस्तू नागपूरला तपासणीस धाडल्या आहेत. मला त्यांनी दवाखान्यातच ठेवून घेतले. फौजदारापुढे जबानी मी दिली. कौशल्येविषयी एवढेच सांगितले की माझ्या घरात मी जिवंत राहिलो तो तिच्या हातचे खाऊन.

चंद्रभानला नेताना तो माझ्या पाया पडला. माझा हात सवयीने वर गेला. तोंडातून आशीर्वाद निघेना, आणि हात खालीही घेता येईना. शिपायांनीच त्याला उठवले.

खटला उभा राहील. लोक अकोल्यापर्यंत येऊन विचारतील, त्यांना दारातूनच परत पाठवावे. कौशल्येस म्हणावे, तू काही केले नाहीस आणि काही सांगितलेही नाहीस, जे केले ते मी. गोदेस तिच्याजवळच राहू द्यावे.

मूल होईल, मोठे होईल, आणि एक दिवस बापाविषयी विचारील. ते कौशल्येने सांगू नये. आपणही सांगू नये. त्याला माझ्याकडे पाठवावे, मी सांगेन. तोवर राहिले पाहिजे, म्हणून इथे जे वाढतात ते दोन्ही वेळ जेवतो आहे.

खुशालराव